भाविक मोठ्या संख्येने

बुवा पेपरात आले ते खेळाच्या पानावर काम करायला. तेव्हा ते बुवा नव्हते. मैदानाबाहेर उन्हात उभा राहून गोल मोजणारा एक काटकुळा तरुण होता. खेळाच्या पानावर जागा रिकामी व्हायला वेळ होता, आणि धर्माच्या पानावरचा माणूस नेमका त्याच आठवड्यात पाय मोडून घरी बसला. थोरले संपादक म्हणाले, "तोवर हे बघ." तो 'तोवर' काही संपला नाही. पाय मोडलेला माणूस बरा झाला, दुसऱ्या पेपरात गेला, निवृत्त झाला, यथावकाश वारलाही. हे मात्र धर्माच्या पानावरच राहिले आणि वर्ष संपायच्या आत सगळ्या कचेरीचे बुवा झाले.

आता बुवा म्हणजे फार देवभक्त, असं कुणाला वाटेल, तर तसं काही नाही. देवावर त्यांचा राग नव्हता आणि लोभही नव्हता. बायको सकाळी हात जोडून उभी राहिली की हे चहाचा कप घेऊन जरा बाजूला सरकायचे, एवढाच त्यांचा धर्म. पण काम म्हणजे काम. शहरात देवाच्या नावाने चार माणसं जिथे कुठे जमत तिथे ते स्कूटरवरून जात, शेवटच्या रांगेत दाराजवळ बसत, म्हणजे पुढच्या ठिकाणी जायला लवकर उठता येई. बसले की पहिलं काम मोजणीचं. पुढे दिसणारी टकलं, वेण्या, टोप्या, रुमाल. शहरातली निम्मी माणसं बुवांना पाठीवरून ओळखू यायची, समोरून आली की घोटाळा व्हायचा.

मोजायचं वळण थोरल्या संपादकांनी लावलं होतं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "देवाला काय पोचलं ते कळायची आपल्याकडे सोय नाही. माणसं किती आली ते कळतं. तेवढं बघून लिही." बुवांनी ते गाठीला बांधलं. एकदा त्यांनी एका प्रवचनाला चाळीस जण होते असं लिहिलं, तर तिथले सचिव तणतणत कचेरीत आले. एकेचाळीस होते म्हणे. एक बाई रडणारं मूल घेऊन बाहेर उभ्या होत्या, त्या धरल्या नाहीत. बुवांनी दुसऱ्या शनिवारी दुरुस्ती छापली. लोक हसले खूप, पण त्या दिवसापासून बुवांचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ झाली.

शनिवारी अख्खं पान असायचं तेव्हा. कुणाचं छत गळतंय, कुणी नव्या खुर्च्या घेतल्या, कोण बोलायला येणार आहे, कुठल्या विश्वस्तांची निवडणूक पंख्यांच्या संख्येवरून कशी गाजली. यात देव कुठे, असं कुणी विचारेल. देव असेल तिथे असेल. पण शेजारच्या गल्लीत दुसऱ्या पंथाची माणसं आत बसून करतात तरी काय, हे त्या पानामुळे शहराला घरबसल्या कळायचं. तीही आपल्यासारखीच पंख्यावरून भांडतात म्हटलं की निम्मी धास्ती तिथेच गळून पडते. अर्थात बुवा असलं काही बोलत नसत. ते फक्त पंखे किती ते लिहीत.

मग उतरती कळा लागली. एकदम नाही, हळूहळू. आधी राशिभविष्याने कोपरा मागितला. बोट दिलं की मनगट धरतात तसं वर्षाच्या आत अर्धं पान राशिभविष्याचं झालं. उरलेल्या अर्ध्यातलं निम्मं शिकवण्यांच्या जाहिरातींनी नेलं. थोरले संपादक गेले, मधले दोघे आले आणि गेले, आणि शेवटी आल्या त्या संपादकबाई. वयाने बुवांच्या मुलीएवढ्या, बोलायला गोड आणि हिशेबाला पक्क्या. त्यांनाही काही पेपर बुडवायचा नव्हता, उलट बुडता पेपर वाचवण्यासाठीच त्या दिवसरात्र राबत होत्या. पेपरच्या वेबसाइटवर कोण काय वाचतंय ते भिंतीवरच्या पडद्यावर सतत दिसायचं. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "बुवा, तुमच्या पानावर कुणी येतच नाही हो."

"त्यातले बरेच लोक येण्यासारखे नाहीत, मॅडम. त्यांना दिसतच कमी," बुवा म्हणाले.

बाई हसल्या, पण पान गेलंच. राहिला एक पातळ कॉलम, राशिभविष्याच्या काखेत. स्कूटरच्या पेट्रोलचे पैसेही बंद झाले. धर्माच्या बातम्या पेपरातून गेल्या असं मात्र कुणी म्हणू नये. कुठे दगड पडला, कुठे कुणी कुणाच्या अंगावर धावून गेलं, की पहिल्या पानावर ठळक अक्षरांत यायच्या. त्या गुन्ह्यांचा बातमीदार लिहायचा. त्या जागी एरवी वर्षभर काय चालतं, याची त्याला गंधवार्ता नसायची, आणि वाचणाऱ्यांनाही आता नसायची.

बुवांनी पहिले काही महिने खिशातलं पेट्रोल घालून पाहिलं. मग फोनवरून विचारायला लागले. मग फोन करायचाही कंटाळा आला, कारण पलीकडचा माणूस छापून काय येणार हे विचारी आणि ते चार ओळींपेक्षा जास्त नसे. शेवटी गाडी साच्यावर आली. 'क्रोध हा माणसाचा शत्रू आहे, असे प्रतिपादन अमुक यांनी केले. तमुक यांनी आभार मानले. भाविक मोठ्या संख्येने उपस्थित होते.' वक्ते बदलायचे, क्रोधाच्या जागी कधी लोभ यायचा, शेवटचं वाक्य कायम. ते पहिल्यांदा लिहिलं त्या दिवशी रात्री जेवताना बुवा बायकोला म्हणाले, "आज मी एक आकडा खाल्ला."

बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती, नुकतीच निवृत्त झालेली. ती म्हणाली, "पचला का?"

पहिला पचला नाही. पुढचे पचले. उंटावरून शेळ्या हाकायची सवय लागायला फार दिवस लागत नाहीत.

अशात नदीकाठच्या प्रार्थनागृहाचा वार्षिक मेळावा आला. हा एक लहानसा पंथ. मूर्ती नाही, गाजावाजा नाही. लांबट खोली, लाकडी बाकं, नदीकडच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल. दरवर्षी त्याच शुक्रवारी संध्याकाळी मेळावा, दरवर्षी तेच एक निवृत्त प्राध्यापक बोलायला. कॉलम शुक्रवारी दुपारीच द्यावा लागे. बुवांनी मागच्या वर्षीची बातमी काढली, क्रोध घातला, मोठी संख्या घातली, आणि मेळावा सुरू व्हायच्या आधी चहा पिऊन घरी गेले.

पुढच्या आठवड्यात एक म्हातारी बाई जिना चढून वर आली. खांद्याला कापडी पिशवी, कमरेला जाडजूड किल्ल्यांचा जुडगा. प्रार्थनागृह उघडणं, झाडणं, बंद करणं हे तिचं काम, आणि मागची एक खोली हे तिचं घर. सगळे तिला चावीवाल्या मावशी म्हणत. बुवा तिला ओळखत होते. म्हणजे दारात दिसायची तेवढी. तिला पाहताच त्यांनी मागच्या शनिवारचा अंक हळूच ड्रॉवरमध्ये सरकवला.

मावशी खुर्चीत बसल्या, दम खाल्ला आणि म्हणाल्या, "तुमचे उपकार झाले बघा."

"कसले?"

"मुख्य संस्थेनं आमचं प्रार्थनागृह बंद करायचं ठरवलं होतं. माणसं नाहीत, तर इमारत कशाला राखायची म्हणून. मी तुमची बातमी कापून त्यांच्या कार्यवाहांना पाठवली. त्यांचा फोन आला. म्हणाले, थांबतो. पुढच्या महिन्याच्या बैठकीला स्वतः येऊन बघतो आणि मग ठरवतो."

बुवांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला. "मावशी, त्या दिवशी किती होते हो?"

"नेहमीचेच. मोठी संख्या म्हणावी असं काही नव्हतं."

"आणि प्राध्यापक बरे बोलले?"

"ते कुठे आले? त्यांना ताप होता." मावशींच्या चेहऱ्यावर खोडसाळ हसू आलं. "पण तुम्ही लिहिलेलं भाषण चांगलं होतं. ते आले असते तर याच्यापेक्षा लांबलं असतं."

बुवांची मान खाली गेली. इतक्या वर्षांत खोटं बोलल्याबद्दल कुणी त्यांचे आभार मानले नव्हते. मावशींना त्याचं काही नव्हतं. त्या उठता उठता म्हणाल्या, "आता एवढं करा. त्या बैठकीला तुम्ही या. साहेबांनी विचारलं तर सांगा, एरवी गर्दी असते. पेपरवाल्याच्या शब्दाला वजन असतं. माझी खोली वाचेल. या वयात मला दुसरीकडे झोप लागायची नाही हो."

घरी बुवांनी सगळं बायकोला सांगितलं. तिने वाटाणे सोलता सोलता ऐकलं. मग म्हणाली, "तापाच्या पेशंटच्या चार्टवर मी नॉर्मल लिहिलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं. दोन दिवस."

"हे ताप-बीप राहू दे. करायचं काय ते सांग."

"गर्दी लिहिलीत ना? मग आणा गर्दी. शहरातली सगळी देवाची घरं तुमच्या ओळखीची आहेत. तासभर येऊन बसा म्हणावं."

बुवांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटर बाहेर काढली, धूळ झटकली, आणि कितीतरी दिवसांनी फेरीला निघाले. आधी मोठ्या देवळाच्या सचिवांकडे. सचिव कचेरीत एकटेच बसले होते. बुवांनी विषय काढला तसे ते कसनुसं हसले. "बुवा, माणसं उसनी द्यायला असायला तर हवीत! आमच्याकडे शनिवारी किती असतात ठाऊक आहे? पुजारी, मी, आणि सावलीला आलेले दोघंतिघं. तुम्ही 'मोठ्या संख्येने' लिहिता म्हणून निभावतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मशिदीचा कारभार बघणारे चाचा सतरंज्या गोळा करत होते. त्यांनी बुवांना बसवलं, पाणी दिलं, आणि खालच्या आवाजात विचारलं, "एक सांगा, देवळात एवढी गर्दी कशी काय जमवतात? आमची पोरं तर कामासाठी बाहेरगावी गेली. मागच्या रांगा रिकाम्या असतात. तुमच्या पेपरात त्यांचं वाचतो आणि वाटतं, आमचंच काहीतरी चुकतंय." चर्चमधले फादर तर बुवांना पाहून उठूनच आले. त्यांना वाटलं, पान परत सुरू होतंय. नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "नदीकाठचं तेवढं जोरात आहे ना? वाचलं मी. बरं वाटलं. आणि जरा वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू."

बुवा स्कूटरला टेकून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. घरोघरी मातीच्या चुली हे तर जुनंच. पण इथे प्रत्येकाला वाटत होतं की चूल फक्त आपलीच विझली, बाकी सगळीकडे जाळ आहे. आणि ते वाटायला लावणारा माणूस दर शुक्रवारी दुपारी पंख्याखाली बसून एकच वाक्य लिहीत होता. आपण कुणाचं काही चोरलं नाही, अशी बुवांची आजवर समजूत होती. त्या दिवशी ती गेली. त्यांना फार वाईट वाटलं, आणि कुणाला सांगण्यासारखंही ते नव्हतं.

गर्दी काही जमली नाही. बैठकीला गेले ते बुवा आणि त्यांची बायको.

कार्यवाह आधीच येऊन बसले होते. सडपातळ, वयस्क, चष्म्याची दोरी गळ्यात, आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे झुकावं लागे. प्रार्थना झाली. दोन गाणी झाली, त्यातल्या दुसऱ्यात सगळ्यांचा सूर वेगवेगळा लागला आणि कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. मग थोडा वेळ सगळे गप्प बसले, त्यांच्या रीतीप्रमाणे. खिडकीतून नदीचा वास येत होता. बुवा सवयीने शेवटच्या बाकावर होते. इतक्या दिवसांनी तिथे बसल्यावर त्यांना आपल्या जुन्या चपलेत पाय घातल्यासारखं वाटलं.

नंतर चहा आला. कार्यवाहांनी कप हातात घेतला, बाकांवरून नजर फिरवली आणि सहज विचारावं तसं बुवांना विचारलं, "आज नेहमीपेक्षा कमी आहेत का?"

सगळे बुवांकडे बघायला लागले. मावशी किटली घेऊन मध्येच थांबल्या. एक 'हो' म्हटलं की काम होणार होतं. पाऊस नव्हता, पण कुणाच्या घरी लग्न आहे, कुणी आजारी आहे, काहीही सांगता आलं असतं. बुवांच्या डोक्यात साचे तयारच होते. मावशींची खोली वाचली असती. बुवांनी बायकोकडे पाहिलं. ती कपातल्या चहाकडे बघत होती. ही मदत तिने मुद्दामच केली नाही.

"नाही," बुवा म्हणाले. "आज दोन जास्त आहेत. मी आणि माझी बायको."

किटलीचं झाकण वाजलं. बुवांनी एका दमात पुढचं सांगून टाकलं. "मेळाव्याला मी आलो नव्हतो. बातमी आधीच लिहिली होती. भाषणही झालं नव्हतं."

कार्यवाहांनी चहाचा घोट घेतला. त्यांना राग आल्यासारखं दिसलं नाही. "ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "तुमचा पेपर आमच्याकडे पोस्टाने येतो, फार वर्षं. इथली बातमी मी आवर्जून वाचत होतो. पूर्वी तुम्ही आकडा लिहायचात. तेवीस जण होते, एकोणीस होते, थंडीमुळे अकराच आले. आकडा कमी होत गेला तरी मला काळजी वाटत नव्हती. कुणीतरी तिथे बसून मोजतंय, असं वाटायचं. मग एक दिवस एकदम 'मोठ्या संख्येने' आले. तेव्हा मी समजलो की आता तिथे कुणीच जात नाही. तुम्हीसुद्धा नाही."

सोनारानेच कान टोचले होते. निर्णय चहा संपायच्या आत झाला. पुढच्या महिन्याची बैठक शेवटची. इमारत एका वाचनालयाला द्यायची, मावशींना दरमहा काही रक्कम, आणि राहायला त्या आपल्या धाकट्या बहिणीकडे जातील. बाकांवरची मंडळी सगळ्याला हो म्हणाली. खरं तर त्यांचेही गुडघे त्या पायऱ्यांना कंटाळले होते.

मावशी बुवांकडे न बघताच किटली घेऊन आत गेल्या. मागच्या मोरीत कपबशा घासल्याचा आवाज जरा जास्तच मोठा येत होता. बुवांची बायको आत गेली, पदर खोचून त्यांच्या शेजारी बसली आणि कप विसळू लागली. बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या. मावशी बुवांसमोर उभ्या राहिल्या.

"मी काही तुम्हाला देवमाणूस समजले नव्हते," त्या म्हणाल्या. "पण एवढं सोपं काम होतं."

"हो."

"पुढच्या महिन्यात या. आणि या वेळी बघून लिहा."

बुवांनी कबूल केलं. त्यांनी आजवर कुठल्या बातमीसाठी हट्ट धरला नव्हता, या एका बातमीसाठी धरायचं ठरवलं. पण योग असा की त्याच आठवड्यात कॉलमही बंद झाला. ती जागा एका डोळ्यांच्या दवाखान्याने वर्षभरासाठी घेतली. बुवा संपादकबाईंकडे गेले. म्हणाले, कॉलम गेला तर गेला, एकच बातमी द्या, कुठेही द्या. बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवून नीट ऐकून घेतलं, हे कबूल केलं पाहिजे.

"जागेवरून काही वाद आहे का?" त्यांनी विचारलं. "असेल तर मी पहिल्या पानावर घेते."

"नाही. सगळे राजी आहेत."

"कुणी विरोध करतंय? कोर्टात गेलंय?"

"कुणीच नाही. शांतपणे कुलूप लागणार आहे."

"मग यात बातमी कुठे आहे, बुवा?" बाई चिडून बोलल्या नाहीत. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि बुवांना सांगता आलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणायचीही सोय नव्हती, कारण घडा पालथा करण्यात बुवांचाही हात होता. ते आपल्या टेबलाशी जाऊन बसले. खिडकीखाली चपलांच्या दुकानात कुणीतरी भावावरून हुज्जत घालत होतं. ते ऐकत त्यांनी ड्रॉवर आवरून टाकला.

शेवटच्या बैठकीला बुवा वेळेच्या बरेच आधी गेले. बायको बरोबर होतीच. त्यांनी शेवटच्या बाकावर बसून सगळं पाहिलं आणि टिपलं. ओल भिंतीवर खिडकीच्या चौकटीपर्यंत चढली होती. घड्याळ बंद होतं. एक गृहस्थ गाणं म्हणताना शेजाऱ्याच्या खांद्याला धरून उभे राहिले. बुवा कागदावर झरझर लिहीत होते. साचा कुठे आठवलाच नाही. त्यांना आनंद होत होता, आणि अशा दिवशी आनंद व्हावा याची लाजही वाटत होती.

प्रार्थना संपली तशा मावशी जागेवरून म्हणाल्या, "झालं लिहून? शनिवारी येईल ना?"

बुवा उभे राहिले. "येणार नाही, मावशी. कॉलम बंद झाला. मी खूप सांगून पाहिलं."

बाकांवरची डोकी वळली. इतक्या वर्षांत बुवांनी ती माणसं समोरून एकदम अशी पाहिलीच नव्हती. मावशींनी थोडा विचार केला.

"मग इथेच वाचा," त्या म्हणाल्या. "छापून आलं असतं तरी वाचणार कोण होतं? आम्हीच ना?"

यावर एकदोघं हसले. बुवांची बायकोही हसली आणि तिने नवऱ्याला कोपराने पुढे ढकललं. बुवा पुढे गेले. उभं राहून बोलायची त्यांना सवय नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांची प्रतिपादनं लिहिलेला माणूस. त्यांनी घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. 'नदीकाठच्या प्रार्थनागृहातील शेवटची बैठक काल संध्याकाळी झाली. बातमीदार आणि त्याची पत्नी सोडून सात जण उपस्थित होते.'

"आठ," मावशी म्हणाल्या.

बुवांनी मान वर केली. बाकांवरची माणसं त्यांनी पुन्हा मोजली. पहिल्या बाकावर दोघं, मग एक, मग तिघं, खिडकीशी एक. "सातच आहेत, मावशी. मी दोनदा मोजलेत."

"मला धरलं नाहीत."

त्या दाराला टेकून उभ्या होत्या. बुवा पहिल्यांदा आले तेव्हापासून तिथेच उभ्या राहत आल्या होत्या, शेवटच्या बाकाच्या मागे, त्यांच्या पाठीशी हातभर अंतरावर. बुवांनी दर वेळी समोरची डोकी मोजली होती. तेवीस होते तेव्हा चोवीस होते, एकोणीस होते तेव्हा वीस, थंडीच्या त्या दिवशी बारा. वर्षानुवर्षांचे ते आकडे, ज्यांच्यावर दूरच्या शहरातला एक माणूस विसंबून होता, ज्यांच्यावर बुवांची सगळी इभ्रत उभी होती, त्यातला एकही बरोबर नव्हता.

"कधीच धरलं नाहीत," मावशी म्हणाल्या. तक्रार केल्यासारखं नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "मला वाटायचं, पेपरात तशीच रीत असेल."

बुवांचे डोळे भरून आले आणि चष्म्यातून कागद दिसेनासा झाला. बायको उठली. तिने मावशींचा दंड धरला, त्यांना शेवटच्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. मावशींनी किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेतला, दोन्ही हात त्यावर ठेवले.

बुवांनी खिशातून पेन काढलं, सातावर काट मारली आणि वर आठ लिहिलं.

"आता पहिल्यापासून वाचा," मावशी म्हणाल्या. "सावकाश वाचा. घाई नाही कुणाला."

बुवांनी चष्मा पुसला आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.